तीनदा वाचलेला काटा

संगमनेर,
११ जानेवारी २०२५

प्रिय वाल्मिक,

सहा वर्षांनी माझं अक्षर दिसल्यावर तू पाकीट उलटसुलट करून बघशील. मीच आहे. ईमेल तू न वाचताच पुसला असतास, म्हणून कागद.

डेअरीचं काम अजून माझ्याकडेच आहे. वजनकाट्यावरचा आकडा कॉम्प्युटरात आणणारी ती फुकट, सगळ्यांना खुली कोड-लायब्ररी आपण घेतली, तिची वेगळी प्रत काढून आपल्या काट्यांजोगी केली. तो आपला फोर्क आज एक्केचाळीस संकलन केंद्रांवर चालतो. मूळ लायब्ररीची नवी आवृत्ती आली की मी अजूनही दोन्ही छापून शेजारी ठेवतो आणि लाल पेनानं ओळ न् ओळ जुळवतो. कॉलेजचं तोंड न पाहिलेला माणूस मी, पण आजवर एक कंस हुकला नव्हता.

तू म्हणायचास, आपले बदल मूळवाल्यांना पाठवू, ते त्यांच्यातच घेतील, मग दरवेळचं हे ठिगळकाम संपेल. मी म्हणायचो, आयतं का द्यायचं? वर चारचौघांत तुला 'इंजिनिअरसाहेब' म्हणून हिणवलं. तू पुण्याला निघून गेलास.

डिसेंबरात नवी आवृत्ती जुळवताना मी तुझा एक तुकडा काढून टाकला. काटा तीनदा वाचायचा, तिन्ही आकडे सारखे आले तरच नोंदवायचा, तो. मला तो कायम फाफटपसारा वाटायचा. आठवड्यानं केंद्रावर दूध घालणाऱ्या मनकर्णाबाई पावती घेऊन दारात. दूध दीड लिटर जास्त लागलेलं. दुसरं कुणी गप्प बसलं असतं. त्या म्हणाल्या, "सुनीलभाऊ, म्हस आटाया लागलीय. तिनं एवढं दिलं न्हाई. तुमचा काटा खोटं बोलतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्रावर जाऊन उभा राहिलो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बाया कॅन काट्यावर ठेवतात आणि दूध हिंदकळू नये म्हणून काठावर तळहात दाबून धरतात, मग सोडतात. एकदाच वाचलं, तर तळहाताचा दाबही दुधात मोजला जातो. तो तुकडा लिहिण्याआधी तू तिथं आठवडाभर उभा होतास. मी म्हणायचो, वाल्मिकला तिथला चहा आवडतो.

तुकडा परत घातला. चूक माझी, असं डेअरीला लिहून दिलं.

सोबत चार पानं आहेत. आपले बदल मूळवाल्यांना पाठवायचे ठरवलंय, त्याचं हे इंग्रजी निवेदन. आयतं द्यायचं नव्हतं, हे तेव्हाही खरं नव्हतं. माझं इंग्रजी वाचून ते हसतील, ही भीती होती, आणि ती तुला सांगायची लाज. तीनदा वाचण्याच्या तुकड्यावर तुझं नाव घातलंय. कंस मी तपासलेत, त्यांना हात लावू नकोस. बाकीच्या चुका काढ. लाल पेन पाकिटातच आहे. तू बघितल्याशिवाय मी हे पाठवणार नाही.

तुझाच,
सुनील