गेम का अडखळत होता

दादा,

तुझा गेम आता अडखळत नाही. काल हेडफोन लावून तू मित्रांना सांगत होतास, "कॉम्प्युटरही आमच्या बहिणीच्या वळणावर गेलाय, सारखं ततपप करतो." मी चहा घेऊन दारातच उभी होते. तो चहा मी बेसिनमध्ये ओतला.

मी काढलेल्या इमारतींच्या नकाशांच्या फायलींमुळे मशीन अडकतं, हे तू आईच्याही गळी उतरवलंस. खरं म्हणजे आतल्या पंख्यावर धूळ आणि तुझ्या सिगरेटची राख साचली होती. मशीन तापलं की आपोआप मंद व्हायचं. पंखा मी साफ केलाय. गेममधल्या सावल्या 'मध्यम'वर ठेवल्यात, त्या वाढवू नकोस. खेळताना मागे डाउनलोड लावू नकोस. आणि तिथे सिगरेट ओढू नकोस, हे शेवटचं सांगतेय.

आर्किटेक्टच्या ऑफिसातून मला मुलाखतीला बोलावणारा फोन आला होता. तो तू उचललास आणि "तिला धड बोलता येत नाही, तिला इंटरेस्ट नाही" असं परस्पर सांगून मोकळा झालास. आज त्यांना मी स्वतः फोन केला. अडखळतच बोलले. पलीकडच्या बाईंनी माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं आणि मग म्हणाल्या, "आजच या."

म्हणून निघालेय. माझ्या फायली काढून नेल्यात. आईलाही सगळं सांगितलं. सांगायला वेळ लागला, पण तिने मध्येच माझं वाक्य पूर्ण केलं नाही. तुझ्याशी काय बोलायचं ते आता ती बोलेल.

जेवण तुझं तू गरम करून घे.

— छोटी