पासलीच्या आंब्याची फांदी

बाबा,

सकाळच्या एसटीनं पासलीला चाललेय. भाजी-भाकरी ओट्यावर झाकून ठेवलीय. तुमच्या खेळण्यातल्या झाडांच्या पानांसाठीचा स्पंज परत चटणीच्या मिक्सरमध्ये दळू नका, कालची चटणी हिरवीगार झाली होती.

तुमच्या छोट्या रेल्वेच्या रुळाशेजारचा तारेचा आंबा तुम्ही काल पाचव्यांदा मोडलात. दरवेळी म्हणता, 'एक फांदी चुकली.' भोरला रेल्वेच नाही, तरी तुम्ही तिथं रूळ मांडलेत ते तुम्हाला चालतं, पण पासलीच्या दारातल्या आंब्याची एक फांदी चुकलेली चालत नाही! मला राहवेना. ज्यानं तो आंबा तोडला, त्याला तरी ती फांदी आठवत असेल, म्हणून मी ज्ञानूकाकांना फोन केला. आंबा तोडल्यापासून सहा वर्षांत तुम्ही भावाला एकदाही केला नाहीत. रागावू नका.

काका म्हणाले, "तेवढी फांदी म्या जाळली न्हाई. ये हितं, दावतो."

आणि तारेच्या आंब्याखालच्या बाकावर तुम्ही एकच माणूस बसवलाय. दुसरा मला ड्रॉवरमध्ये कापसात गुंडाळलेला सापडला. तो मी शेजारी चिकटवलाय. गोंद ओला आहे. काका आणि मी येईपर्यंत हात लावू नका.

सई