डाव्या अंगठ्याखालचा नंबर

तीर्थस्वरूप दादांस,

थोरल्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. (हल्ली कमरेपर्यंतच वाकता येतं, उरलेलं मनाने समजून घ्यावं.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? फ्रेमसाठी काच कापताना हातमोजे घालता ना? इकडे सगळं ठीक. तुमच्या बहिणीची तब्येत उत्तम आहे, किंबहुना गेल्या रविवारपासून जरा जास्तच उत्तम आहे, आणि पत्र लिहायला बसलोय ते त्याच कारणाने.

गेल्या रविवारी आम्ही सगळे माझ्या साडूंकडे (म्हणजे तुमच्या धाकट्या, लाडक्या, लाँड्रीवाल्या मेहुण्याकडे) त्या नोटेचं दर्शन घ्यायला जमलो होतो. तुम्ही गुडघ्यामुळे आला नाहीत, पण फ्रेम तुमच्याच दुकानातली, तेव्हा नोट तुम्ही पाहिलेलीच आहे. एकाच नोटेवर दोन वेगळे नंबर! डावीकडच्या नंबराच्या शेवटी तीन, उजवीकडच्या शेवटी आठ. छापखान्याची चूक, आणि अशी चूक जमवणारे लोक तिच्यासाठी वाटेल ती किंमत मोजतात. आता ही नोट सापडावी कोणाला? नोटेवर नंबर असतो हेच ज्याला गेल्या महिन्यापर्यंत माहीत नव्हतं, त्याला! गिऱ्हाइकाकडून ओल्या हाताने नोट घेतली, ती भिजली, म्हणून इस्त्रीच्या टेबलावर पसरली, आणि पसरली म्हणून दोन्ही टोकं एकदम दिसली. यात त्याचं कर्तृत्व काय? उद्या त्याच्या टेबलावर पाल पडली तर तिचाही शोध यानेच लावला म्हणायचं का?

मला मत्सर वाटतो असं तुम्हाला वाटेल. दादा, तुमच्याशी खोटं कशाला बोलू, वाटतो. जेवताना वाटतो, दात घासताना वाटतो, त्याच्याकडून आलेले इस्त्रीचे कपडे घालताना तर अंगाचा तिळपापड होतो. आठ वर्षं मी वीजबिलाच्या दोन नंबरच्या खिडकीत बसून आलेल्या प्रत्येक नोटेचा नंबर वाचतोय. उलटसुलट सारखा नंबर, एकाच आकड्याची माळ, नंबराआधी चांदणी, काहीही चालेल म्हणून डोळ्यांत तेल घालून बसतो. (माझ्या खिडकीची रांग दाराबाहेर जाते, याबद्दल साहेबांनी दोनदा लेखी विचारलं. मी दोनदा लेखी उत्तर दिलं की ही लोकांच्या विश्वासाची खूण आहे.) एकदा न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली असताना शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाने पैसे दिले. नोटेवर एक, चार शून्यं, पुन्हा एक! मी तसाच उठलो. तोवर न्हाव्याने ती नोट चहावाल्याला दिली होती आणि चहावाला किटली घेऊन निघाला होता. गालाला फेस, गळ्यात न्हाव्याचा टॉवेल, अशा अवस्थेत मी तीन गल्ल्या त्याच्या मागे धावलो. त्याला वाटलं, मी न्हाव्याचे पैसे बुडवून पळतोय, म्हणून तो मलाच धरायला उलटा फिरला. अखेर दुप्पट पैसे देऊन नोट घेतली आणि उलगडली, तर शेवटचा एक हा एक नव्हताच, घडीत डोकं गेलेला सात होता. तुमची बहीण तेव्हा जे हसली, ते अजून मधूनमधून हसते.

तरीही दादा, घरात नोटांमधला जाणकार म्हणून माझा मान होता. कोणाला जुनी नोट सापडली की माझ्याकडे यायची आणि मी भिंग लावून, थोडा वेळ घेऊन, काही नाही म्हणून सांगायचो. रविवारी त्या मानाचं पार पोतेरं झालं. साडूंनी ओला हात, टेबल आणि वाफ ही कथा चार वेळा सांगितली आणि चारही वेळा तुमच्या बहिणीने तोंडाला पदर लावून कौतुक केलं. (मी चांदणीवाल्या नोटेबद्दल बोलायला लागलो की तिला गॅसवर दूध ठेवल्याचं आठवतं.) मग साडू मोठेपणाने म्हणाले, आता भावोजींनी सगळ्यांना समजावून सांगावं, ते यातले दर्दी. माझ्या हातात माझंच भिंग दिलं. मी समजावायला वाकलो आणि उजवीकडच्या नंबराखाली मला एक बारीक हिरवी खूण दिसली.

आता ही खूण काय ते तुम्हाला सांगायला हवं. ऑफिसात सगळे निळी पेन्सिल वापरतात, हिरवी फक्त माझी. एकदा पाहिलेली नोट पुन्हा पाहण्यात वेळ जाऊ नये म्हणून मी तपासलेल्या प्रत्येक नोटेवर हिरवी खूण करतो. तिचा अर्थ, पाहिली, हिच्यात काही नाही. म्हणजे ती नोट माझ्या खिडकीत आली होती, माझ्या हातात होती, मी ती तपासली आणि खूण करून सुट्ट्या पैशांबरोबर कोणाला तरी देऊन टाकली! घरी येऊन कोऱ्या नोटांवर पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. आम्ही खिडकीवाले गड्डी डाव्या हातात धरतो आणि उजव्या हाताने नोटा मोजतो. डावीकडचा नंबर आठ वर्षं माझ्या अंगठ्याखाली होता. त्या अंगठ्याकडे आता बघवत नाही.

असो. ज्याचं त्याला लखलाभ. साडूंचं भलं होवो, त्यांची लाँड्री वाढो, मला त्या नोटेचं काहीही पडलेलं नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, गुडघ्याला जपा.

तुमचा,
दोन नंबरच्या खिडकीवाला मेहुणा

ता. क. येत्या रविवारी साडू एका मोठ्या संग्राहकाला नोट दाखवायला बोलावणार आहेत. त्याचं भिंग माझ्यापेक्षा मोठं असणार. त्याने खूण दाखवली की तुमची बहीण ती ओळखणार, कारण घरखर्चाच्या प्रत्येक नोटेवर ती तीच खूण बघत आली आहे. मग मी काही आयुष्यभर सुटत नाही. तेव्हा फ्रेमची काच सैल वाटते असं काहीतरी सांगून फ्रेम दुकानात मागवा, आणि मऊ खोडरबराने, हलक्या हाताने, तेवढी खूण उडवा. तुमच्या पाया पडतो. (वर म्हटल्याप्रमाणे कमरेपर्यंत.)

ता. क. २. खोडल्याने नोटेची किंमत निम्मी होते असं आत्ताच एका पुस्तकात वाचलं. माझी हरकत नाही. खुशाल जोर लावा.

ता. क. ३. (हे पाकिटाच्या पाठीवर लिहितोय, कारण पाकीट चिकटवून झालं.) खोडरबर चांगल्यातला घ्यावा म्हणून आत एक नोट घातली आहे. सवयीप्रमाणे नंबर वाचला, काही नव्हतं, हिरवी खूण केली. आता आठवतंय, गड्डीतून काढताना ती डाव्या हातात होती. पाकीट फाडावं तर नोट फाटायची भीती. दादा, पाकीट जपून उघडा आणि आधी डावीकडचा नंबर बघा. वेगळा निघाला तर खोडरबर उधार घ्या, आणि साडूंना काही बोलू नका.