आरामात, असं ऐकू आलं

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (कंबर अजून वाकते, बिघडलंय ते वर, दोन्ही बाजूंना.) तुझे गुडघे बरे असतील, भावोजींचा खोकलाही. मी आईला आश्रमात टाकायला लावलं, असं तू सगळ्यांना सांगतेस म्हणे. खरं आहे. पण कसं, ते ऐक. (तुला ऐकू येतं, म्हणून म्हणतो.)

दादाच्या बढतीचं जेवण होतं. हॉटेल खच्चून भरलेलं, डोक्यावर पंखा, शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस, आत भांडी आदळत होती. तीस वर्षं छापखान्याच्या यंत्राशेजारी काढलेल्या माणसाला अशा ठिकाणी सगळं ऐकू येतं, फक्त माणसं सोडून. मी आपला ओठांकडे बघून हसत होतो. दादा काहीतरी बोलला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला ऐकू आलं, "आईला आता आरामात ठेवू या." मी म्हणालो, "ठेवायलाच हवं! उशीरच केला आपण!" वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, कौतुकाने. आई ताटाकडे बघत होती, तिला मी आणखी गोड वाढलं.

चौथ्या दिवशी तिची बॅग दारात. दादाशी कडाकडा भांडलो. तो म्हणाला, "सगळ्यांसमोर हो म्हणालास तू." तिच्या खोलीत पुतणीचं टेबल आलंसुद्धा होतं. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, लोखंडी जिना; आईच्याने तो चढवत नाही.

मग कान तपासून घेतले. तपासणाऱ्या बाई बंद खोलीत बोलल्या, ते जवळजवळ सगळं कळलं. त्या म्हणाल्या, "शांततेत तुम्ही निभावून नेता. पण 'श', 'स'सारखे बारीक आवाज कान पोचवत नाहीत, आणि गोंगाटातून बोलणं वेगळं काढायची मेंदूची सवय मोडलीय. गाळलेल्या जागा तो अंदाजाने भरतो." माझ्या मेंदूचा अंदाज तुला कळलाच. कानाचं यंत्र घेतलंय. आता भांडी जास्त स्पष्ट ऐकू येतात.

तुझा,
भाऊ

ता. क. पत्र खरं यासाठी : एकदा ये आणि आईला सांग, मला ऐकूच आलं नव्हतं. मी रविवारी सांगितलं, तिथल्या जेवणघरात. (तिच्या खोलीत चौघी आणि एक टीव्ही.) ती माझा हात धरून बराच वेळ काहीतरी बोलली. चाळीस ताटं वाजत होती. मी हसून मान डोलावली. कशाला हो म्हणालो, तेवढं विचारून कळव.