यशोधराच्या खिडक्या

पिंपळवंडी, १२ मे २००३

चि. प्रबुद्धास मामाचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

आम्ही खुशाल. तू पुण्यात इंटरनेटची पानं बनवतोस, आनंद आहे. पण आमच्या दूध संस्थेतला यशोधराचा प्रोग्राम काढून तिथं तुझं पान बसणार, असं चेअरमन कुशाबा म्हणाले. खरं का रे? माझ्या पोरीनं घरी बसून पडद्यावरची एकेक खिडकी, एकेक बटण जुळवलंय. लिटर, फॅट, पावती, सगळं आपापल्या जागी, पाठ झालेल्या कवितेसारखं. पडद्याकडे न बघता तिची बोटं चालतात नि रांग सरकते. प्रोग्राम बंद करायच्या बटणावर तिनं ‘येतो’ लिहिलंय. आपल्यात निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत ना! तुझ्या पानाला एवढी माया असेल का?

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा, हनुमंतमामा

पुणे, १९ मे २००३

ती. मामांस प्रबुद्धाचा सविनय जयभीम.

मामा, तुम्ही दुधाच्या रांगेतही कवितेचा तास घेता! यशोधराचं काम सुरेखच आहे. पण तो प्रोग्राम ज्या त्या कॉम्प्युटरमध्ये बसवावा लागतो. दुधाचा दर बदलला की ती फ्लॉपी घेऊन एसटीनं डिंगोऱ्याच्या केंद्रावर जाते, तिथून मढच्या. तोवर एका गावी नवा दर, दुसरीकडे जुना, नि शिव्या तिला. पान एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं. फोनची लाइन तुटली की ते अडतं, हे कबूल. त्यावर उपाय तिलाच सुचेल. पुण्यात हे पानाचं काम शिकायला तिची जागा मी संस्थेकडून मंजूर करून घेतलीय. राहायला आमच्याकडेच. लवकर कळवा, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला जाईल.

मामींना नमस्कार. रागावलात तरी लोभ ठेवा.

आपला, प्रबुद्ध

पिंपळवंडी, २ जून २००३

चि. प्रबुद्धास जयभीम.

जागा नको. कुशाबांना तोंडावर सांगून आलो, की माझी लेक स्वतःच्या हातानं स्वतःचं काम पुसायला पुण्याला जाणार नाही. ते म्हणाले, पोरीला इचारा तरी. म्हटलं, तिच्या मनातलं मला कळतं. मांडीवर बसवून कविता शिकवल्यात तिला. तू तुझी पानं पसर. आम्ही आमच्या खिडकीत बसू.

पूर्वीइतका लोभ राहील का, सांगता येत नाही.

हनुमंत

पिंपळवंडी, २८ सप्टेंबर २००३

प्रबुद्धदादास यशोधराचा जयभीम.

तुझं पान सुरू झालं. लाइन तुटली की भरलेली नोंद उडते नि रांगेत आरडाओरडा होतो. दूध घालायला येणारे भागूकाका म्हणतात, जुनं लई बरं व्हतं. पण आता दरासाठी एसटी धरावी लागत नाही, आणि मला तेच हवं होतं. लाइन नसेल तेव्हा माझ्या खिडकीनं नोंद धरून ठेवावी, आली की तुझ्या पानाकडे पाठवावी, असं मी मनात जुळवलंही होतं.

ते सांगायला काल गेले, तर कुशाबा चिडून म्हणाले, शिकायला गेली असतीस तर ऐकलं असतं; तुझ्या बापानंच नको म्हटलं. तोवर मला वाटत होतं, तूच मला वगळलंस. माझ्याऐवजी पुण्याला जाऊन शिकून आलेली संस्कृती नावाची पोर आता माझ्या खुर्चीवर बसते. चांगली मुलगी आहे. मी कॅन धुऊन घेते.

आप्पा ओट्यावर येईल त्याला सांगतात, इंटरनेटनं माझ्या लेकीचं काम खाल्लं. मी पाहुण्यांना चहा देते. भांडायला जावं तर शब्दही त्यांनीच शिकवलेले.

राग तुझ्यावरही आहे. आप्पांकडचं तुझं पत्र काल वाचलं. दोघांनी माझ्याबद्दल एवढं लिहिलंत, पण पाकिटावर माझं नाव घालायचं तुला सुचलं नाही.

लोभाचं पुढं बघू.

यशोधरा