दफ मी शेकतो

प्रिय आपा,

नाहीच पाठवणार डीजेचे पैसे. फोनवर सांगितलं तेव्हा तू फोन ठेवलास. मग दोन व्हॉइस मेसेज टाकले, तेही न ऐकता पडून आहेत, मला दिसतं ते. म्हणून कागद घेतला. हमीद गुरुवारी गावाला येतोय, त्याच्या हाती देतो. त्याला सांगून ठेवलंय, आपाचं वाचून होईपर्यंत चहा पीत बसायचं, उठायचं नाही. अक्षर माझं तुला माहीत आहे. आठवीत शाळा सोडली तेव्हा तूच म्हणालेलीस, कोंबडीने याच्यापेक्षा बरं लिहिलं असतं.

सुमैय्याच्या मेंदीला मामाच कंजूषपणा करतो, असं तू मोहल्लाभर सांगत असशील. सांग. मी एकच म्हणतो, डीजे नको, तू गा. पूर्वी गायचीस तशी, बायका गोल बसवून, मांडीवर दफ घेऊन. इथपर्यंत आलो की तू म्हणतेस, अकरा वर्षांत गळा गंजला, आणि खलास, फोन बंद.

आता माझं ऐक. रास अल खैमाला टाइल्सच्या फॅक्टरीत नऊ महिने, मग हमरियाला अकरा महिने. यहयाच्या पायाला भिंगरी आहे म्हणतेस, खोटं नाही. पण दुबईच्या या इन्व्हेस्टमेंट्स पार्कच्या काचवाल्या कंपनीत दोन वर्षं झाली, इथे कसा टिकलो ते कधी विचारलं नाहीस. रविवारसाठी टिकलो.

गेल्याच्या गेल्या ऑगस्टात मला ओव्हरटाइमला एका कॉफीच्या दुकानात दरवाजाची काच बसवायला पाठवलं. रविवारची संध्याकाळ. आत पंधरा-वीस माणसं वाद्यं घेऊन बसलेली. मधोमध क्लाइड म्हणून एक म्हातारा अमेरिकन, लांब पाय, गुडघ्यावर बँजो. आपल्या वरातीतला बटणांचा बेंजो नव्हे गं, हा म्हणजे दफाला लांब मान फुटावी तसा. कातडंसुद्धा खरं, बकऱ्याचं. बाहेरच्या घामट हवेतून आणलेला, कातडं ढिलं पडलेलं, तारा नुसत्या थपथप वाजत होत्या. म्हातारा खुंट्या पिळून पिळून बेजार. माझ्या हातांना राहवेना. मी काच टेकवून ठेवली, बँजो मागून घेतला आणि सँडविच शेकायच्या तव्यावर चार बोटं उंच धरला, हळूहळू फिरवत. म्हाताऱ्याचा चेहरा पांढराच पडला. मग मी कातड्यावर टिचकी मारली. टण्ण! सगळी मंडळी उठून टाळ्या वाजवायला लागली. काच बसवली त्याला कोणी नाही वाजवल्या.

तेव्हापासून रविवारी मी तिथेच. क्लाइडच्या गावच्या डोंगरातली गाणी चालतात. खाणीत उतरणाऱ्यांची, आगगाडीची, सासरी निघालेल्या पोरींची. कोणीही माइकसमोर यावं, गळा कसाही असो. कागद नाही, मोबाइल नाही. पण गाण्याच्या आधी सांगायचं की हे गाणं कोणाकडून घेतलं. नाव घेतल्याशिवाय क्लाइड सूर धरू देत नाही. तो स्वतः मावशीचं नाव घेतो. ती कापडाच्या गिरणीत होती म्हणे. त्याच्या गावात आता ही गाणी कोणी म्हणत नाही, त्याचा मुलगासुद्धा नाही, आणि इथे दुबईत एक फिलिपिनो नर्स ती त्याच्या मावशीच्या नावानं म्हणते. म्हातारा टोपी काढून ऐकतो.

वर्षभर मी नुसती कातडी शेकली, टाळ्या धरल्या. गेल्या महिन्यात त्यांनी मलाच धरलं. यल्ला, चल यहया, तुझ्या गावचं काहीतरी. तोंडातून आपोआप तुझंच आलं:

नवऱ्याची आई आली गो, पान मागते मोठं,
पान देऊ कुठून, आमचं पानदान छोटं!

मोडक्या इंग्रजीत अर्थ सांगितला तर ती नर्स हसून हसून खुर्चीवरून घसरली. तिच्या सासूचंही तसंच आहे म्हणते. दुसऱ्या कडव्याला सगळे 'गो' म्हणायला शिकले. बँजोवर तुझी चाल काय धावली, आपा! आणि तिसऱ्या कडव्याला मी अडकलो. मला येतच नाही ते. लोक 'गो, गो' करत थांबले. मग क्लाइडच्या लक्षात आलं की मी नाव घेतलंच नव्हतं. त्याने विचारलं, "कोणाकडून घेतलंस?"

मी म्हटलं, माझ्या बहिणीकडून. शहनाझ. तिनेच मला वाढवलं. ती गायची तेव्हा दफ शेकायचं काम माझं होतं. मग पुढचं का येत नाही, असं त्याने विचारलं नाही. मला मात्र खाली मान घालावी लागली.

आपा, शेजारच्या फातिमाताईच्या मेंदीला तुझं तिसरं कडवं सुरू होतं तेव्हा मोठा स्पीकर एकदम सुरू झाला आणि गाणं बुडालं. तू दफ मांडीवर पालथा घातलास, हसलीस, म्हणालीस नाचू दे पोरांना. पुन्हा कधी गायली नाहीस. सगळे म्हणतात स्पीकरवाल्याने बटण दाबलं. त्याने नाही. मी दाबलं. चौदा वर्षांचा होतो, पोरांसमोर रुबाब दाखवायचा होता. अकरा वर्षं हे तुला सांगायचं होतं आणि फोनवर कधी जमलं नाही. रागव, कान धर, पण गा. सुमैय्याला मी विचारलंय, ती म्हणाली आईला राजी केलंस तर मला डीजे नको. जुन्या पाच-सहा जणींना बोलव, त्यांना रिक्षा पाठव, हिरव्या बांगड्या भर, दफाला नवं कातडं चढव. माझी रजा मंजूर झाली, मेंदीच्या आदल्या दिवशी पोचतो, चुलीजवळची जागा माझी ठेव. इथे वीस माणसं तिसऱ्या कडव्यासाठी खोळंबलीत. हमीदच्या हाती पाकीट आहे. डीजेवाला मागत होता तेवढेच आहेत, पण त्यातला एक पैसा त्याला द्यायचा नाही: हजार दिरहम, म्हणजे आजच्या भावाने चोवीस हजार रुपये.

दफ शेकायला येणारा तुझाच,
यहया