गुआमच्या अंगणातल्या गाड्या

लाडक्या आईला,

आम्ही खुशाल आहोत, पण तुझ्या लेकाने वैताग आणलाय. किओसी अमेरिकेला जाताना बंद पडलेली गाडी माझ्या अंगणात टाकून गेला. म्हणाला, "ताई, आलोच." वर्ष उलटलं, खाऱ्या हवेने पत्रा खाल्ला, त्याचा फोन नाही. तुला करतो का?

ती बघून शेजारीही सोकावले. आधी लाल भाताचं ताट आणतात आणि मी खाल्लं की म्हणतात, "आमचीही ठेवू का चार दिवस?" खाल्ल्यावर नाही कसं म्हणायचं? अशा किओसीची धरून तीन गाड्या झाल्या आणि अंगण मोकळं कर म्हणून गावचा मेयर दम देतो मला.

काल मीच भात रांधून त्याच्याकडे नेला. पोटभर जेवल्यावर विचारलं, "दोन गाड्या ठेवू का चार दिवस?"

सकाळीच त्याच्या दारात ढकलल्या. किओसीची ठेवलीय. आला की आधी तीच शोधेल.

तुझ्या झाडावरचे नीरफणस आता कोण उतरवतं गं?

तुझीच,
सिनोरिया